खंडेनवमीचा उतारा

संयोगिता इंगवले नेमकं काय करतात, हे शिवाजी पेठेतल्या त्यांच्या माहेरी अजून कुणाला धड सांगता येत नाही. "आमची आक्का कॉम्प्युटरात हाय," असं त्यांचा धाकटा भाऊ तालमीच्या कट्ट्यावर अभिमानाने सांगतो, आणि मग पुढच्या रविवारी कुणीतरी बंद पडलेला प्रिंटर काखोटीला मारून दारात उभं राहतं. बाईंनी असे दोन-तीन प्रिंटर दुरुस्त करूनही दिले आहेत. आपण काय करतो ते समजावून सांगण्यापेक्षा प्रिंटर उघडणं त्यांना कमी कटकटीचं वाटतं.

आणि समजावून सांगायचं तरी काय? बाई सुपरकॉम्प्युटरचं डिझाइन करतात. सुपरकॉम्प्युटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक भलामोठा कॉम्प्युटर येतो. तसं काही नसतं. हजारो छोटे कॉम्प्युटर कपाटांतून रांगेने उभे केलेले असतात आणि एकच अवाढव्य गणित ते आपसात वाटून घेऊन एकाच वेळी सोडवत असतात. पाऊस कुठे किती पडेल, पुराचं पाणी कुठवर चढेल, असली गणितं. हे धूड वीज मात्र बकाबका खातं. जगातल्या बड्या यंत्रांना एखाद्या चांगल्या मोठ्या गावाएवढी वीज लागते, ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती उष्णता घालवायला आणखी वीज जाळावी लागते.

बाईंचं आयुष्यभराचं म्हणणं एवढंच, की चिपला पळवू नका. चिपचा वेग थोडा वाढवायचा तर विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि दाब वाढवला की वीज कितीतरी पटींनी जास्त जाते. तेव्हा धापा टाकत पळणाऱ्या दहा चिप्स बसवण्यापेक्षा रमतगमत चालणाऱ्या शंभर बसवा. काम तेवढंच होईल आणि वीज थोडी लागेल. ऐकायला सोपं आहे. पण शंभर जण एका कामावर आले की निम्मा वेळ एकमेकांची वाट बघण्यात जातो, आणि नुसतं वाट बघत उभं राहायलाही चिपला वीज लागते. म्हणून जिला काम नाही तिला लगेच झोपवायचं आणि तिची पाळी आली की नेमकी उठवायची. या झोपवण्या-उठवण्याच्या कलेवर बाईंनी अकरा वर्षं घालवली होती. त्या अकरा वर्षांत त्यांना स्वतःला रात्री सलग झोप लागली असे दिवस थोडेच.

पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्या कोल्हापूरला आल्या त्या सासऱ्यांच्या आजारपणात. सासरे गेले, पण बाई राहिल्या. यजमान उदयसिंह साखर कारखान्यात केमिस्ट, घर कसबा बावड्यात, चारही बाजूंनी ऊस. अशा ठिकाणी राहून सुपरकॉम्प्युटर बनवू म्हणणाऱ्या बाईला लोक हसले नाहीत, हे कोल्हापूरचं मोठेपण. हसले नाहीत, कारण त्यांनी ते फारसं मनावरच घेतलं नाही.

सरकारच्या एका योजनेतून थोडा निधी मिळाला, एका खासगी कंपनीने चिप्स बाहेरदेशी बनवून आणायचा खर्च उचलला, आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये बाईंचं एकुलतं एक कपाट उभं राहिलं. डिझाइन पसंत पडलं तर पुढे अशी शेकडो कपाटं बनणार होती. फाउंड्रीचे मालक जोतीरामदादा. ट्रॅक्टरला लागणारे लोखंडी भाग ओतून द्यायचा त्यांचा धंदा. शेड त्यांनी भाड्याने दिली आणि पाणी मात्र फुकट दिलं. बाईंचं कपाट पाण्यावर थंड होत असे. तांब्याच्या पातळ पट्ट्यांतून पाणी चिप्सवरून फिरायचं, तापायचं, आणि बाहेरच्या मोठ्या हौदात परत यायचं. तो हौद फाउंड्रीच्या विजेच्या भट्टीचा. भट्टीही त्याच हौदातलं पाणी घ्यायची आणि त्यातच सोडायची.

"पाण्याचं काय द्यायचं?" असं बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा दादा रागावले होते.

"पाणी काय इकायची वस्तू हाय व्हय मॅडम? हौद हाय, घ्या की!"

फाउंड्रीतली माणसं त्या कपाटाला 'मॅडमची भट्टी' म्हणायची. बाईंच्या हाताखाली झिशान होता, कबनूरचा. बाप यंत्रमागावर आणि मुलगा चिपवर. तिशीला आलेला, हुशार, आणि बंगळुरूच्या दोन बड्या कंपन्यांना 'येत नाही' म्हणून बसलेला. "मॅडमचं काम लागू दे, मग बघू," असं तो घरी सांगायचा. त्याची बायको सदफ हे ऐकून ऐकून कंटाळली होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

आता या सगळ्याचा निकाल एका आकड्यावर लागायचा होता. दिल्लीच्या समितीने चार डिझाइनं तपासायला घेतली होती. त्यांतलं एकच पुढे नागपूरला मोठं यंत्र म्हणून बांधलं जाणार होतं. समितीची अट अशी, की पाणी कोमट असताना, मुद्दाम थंड न करता, एका युनिट विजेत यंत्र किती गणितं करतं ते मोजून कळवा. अमुक एवढी तरी झालीच पाहिजेत. उदयसिंहांनी हे पहिल्यांदा ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे उतारा म्हण की!" एक टन उसातून साखर किती पडली, त्याला कारखान्यावर उतारा म्हणतात. तेव्हापासून घरात आणि शेडमध्ये त्या आकड्याचं नाव उतारा पडलं.

उतारा काही केल्या येत नव्हता. समितीचं गणित सकाळपासून दुपारपर्यंत अखंड चालवावं लागे, आणि भट्टी भरली की वसाहतीतला विजेचा दाब गचके खायचा. मध्येच दोन-चार चिप्स भांबावून बंद पडत आणि सगळं पहिल्यापासून. असं पावसाळाभर चाललं. बाईंचं वजन उतरलं, रक्तदाब चढला. शेवटी झिशाननेच तोडगा काढला.

"मॅडम, खंडेनवमीला करू या का? त्या दिवशी सगळी वसाहत बंद असती. लाइट एकदम सरळ मिळंल."

खंडेनवमीला कोल्हापुरात यंत्राला कुणी हात लावत नाही. वर्षभर राबणाऱ्या अवजाराला त्या दिवशी धुऊन-पुसून, झेंडू घालून, हळदीकुंकू लावून निवांत बसवायचं. जोतीरामदादांच्या फाउंड्रीत तर भट्टी आदल्या संध्याकाळीच थंड व्हायची. त्या दिवशी सकाळी दादा झेंडूची टोपली घेऊन मागच्या शेडमध्ये आले आणि दारातच थबकले.

"ह्ये काय मॅडम? आज चालू?"

"आजच लाइट चांगली आहे दादा. दुपारपर्यंत फक्त."

"आज यंत्राला राबवायचं न्हाय. वर्षाचा येक दिस हाय त्याचा." दादांचा आवाज चढला. फाउंड्रीवाल्याचा आवाज तसाही चढलेलाच असतो. "भट्टी बंद, क्रेन बंद, पॅनल सुदीक बंद करून हार घातलाय. आन् तुमचं येकटंच गुरगुरतंय!"

बाईंच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. दादांनी मग चालू कपाटालाच कुंकू लावलं, हार घातला, आणि तोंडातल्या तोंडात यंत्राची माफी मागून निघून गेले.

दुपारी गणित पूर्ण झालं. एकही चिप पडली नाही. उतारा रेषेच्या वर आला. थोडाथोडका नाही, चांगला वर. झिशान खुर्चीतून उठून शेडभर फिरला. बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांना पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर आता पाय सोडून झोपावं.

आकडा दिल्लीला गेला. दिवाळीच्या तोंडावर चारांतली दोन डिझाइनं वगळली गेली आणि बाईंचं शेवटच्या दोनांत आलं. मग काय विचारता! पेठेत भावाच्या मंडळाने बाईंचा फ्लेक्स लावला. वाघिणीच्या शेजारी बाईंचा आधार कार्डावरचा फोटो. सत्कार झाला, फेटा बांधला, आणि एका वक्त्याने आता कोल्हापूरच्या लाइटची बिलं कमी होणार असं जाहीरच करून टाकलं. बाईंनी हात जोडले. फेटा घट्ट बांधला होता आणि त्यांचं डोकं दुखत होतं.

डिसेंबरातली गोष्ट. दुपारचं जेवण झाल्यावर बाई शेडच्या मागे हात धुवायला गेल्या. नळाला पाणी नव्हतं. हौदातून कपाटाकडे जाणाऱ्या पाइपला एक छोटी तोटी होती, ती सोडून त्यांनी हात खाली धरला. पाणी कोमट होतं. त्यात नवल काही नव्हतं, भट्टी सकाळपासून पेटलेली. बाईंनी हात धुतले, पदराला पुसले, आणि तशाच तिथे उभ्या राहिल्या.

खंडेनवमीलाही त्यांनी याच तोटीखाली हात धरला होता, पेढा खाऊन चिकट झालेला. तेव्हाचं पाणी गार होतं. चांगलं गार, विहिरीच्या पाण्यासारखं.

भट्टी आदल्या दिवसापासून बंद. हौद रात्रभर निवलेला. थंड पाणी चिप्सवरून फिरलं. चिप गरम असली की तिच्यातून काही काम न करताच वीज गळते आणि थंड असली की गळती कमी होते, हे बाई पुण्याच्या नोकरीत नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायच्या. त्या दिवशीचा उतारा त्यांच्या डिझाइनचा नव्हताच सगळा. त्यातला काही भाग सुट्टीचा होता.

मग समितीला पाण्याचं तापमान कोमट म्हणून कसं गेलं? तेही त्यांना तिथेच उभ्या उभ्या कळलं. पाण्याचं तापमान मोजायचा काटा भट्टीच्या पॅनलवर होता. त्या दिवशी पॅनल बंद करून त्याला हार घातलेला. नवीन मोजमाप आलं नाही की आधीचं शेवटचं मोजमाप तसंच धरून चालायचं, अशी सोय बाईंनीच पूर्वी कधीतरी प्रोग्रॅममध्ये करून ठेवली होती. म्हणजे आदल्या दिवशीच्या चालत्या भट्टीचा कोमटपणा खंडेनवमीच्या गार पाण्याला चिकटून दिल्लीला गेला.

दुसऱ्या कुठल्या शहरातल्या माणसाने विचारलं असतं, की बाबांनो, आज शेजारची भट्टी बंद आहे, त्याने काही फरक पडेल का? कोल्हापूरच्या माणसाच्या ते डोक्यातच येत नाही. खंडेनवमीला भट्टी बंद असते, ही काय लक्षात ठेवायची गोष्ट आहे? बाई अकरा वर्षं एकेका चिपची झोप मोजत होत्या, आणि सगळी वसाहत झोपली होती ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पुढचा आठवडा त्यांनी आणि झिशानने भट्टी चालू असताना गणित चालवलं. विजेचे गचके चुकवायला एक बॅटरीचा संच भाड्याने आणला. दोनदा गणित पूर्ण झालं आणि दोन्ही वेळा उतारा रेषेच्या खाली आला. फार खाली नाही. थोडाच. पण खालीच.

चिप्सचा वेग आणखी एक पायरी उतरवला की उतारा वर येत होता; पण मग गणित समितीने दिलेल्या वेळेत संपत नव्हतं. एक धरावं तर दुसरं सुटत होतं.

झिशानने पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा खालपासून वर वाचले. मग म्हणाला, "मॅडम, एक सांगू? मोठं यंत्र जिथं बसणार हाय, तिथं कुणाची भट्टी असणार हाय? त्यांचा हौद त्यांच्यापुरता. पाणी आपल्यापेक्षा गारच मिळंल त्यांना."

"उन्हाळ्यात? नागपुरात?"

"तेवढं सोडा."

"आपण कोमट पाणी म्हणून लिहून दिलंय, झिशान."

"आपण कुठं मुद्दाम लिवलंय?" त्याचा आवाज जरा फुटला. बंगळुरूच्या दुसऱ्या कंपनीचं पुन्हा आलेलं बोलावणं महिनाअखेर संपत होतं, ते बाईंना माहीत होतं. त्यांना त्याच्याकडे बघवेना.

जोतीरामदादांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते चहाचा कप हातात घेऊनच आले. खंडेनवमीचा राग त्यांनी केव्हाच सोडून दिला होता.

"मॅडम, तुमाला भट्टी आडवी येती न्हवं? मग मी ठेवतो की बंद. तुमी सांगाल त्या दिशी. समितीच्या पावण्यांना बोलवा हितंच, त्यांच्यासमोर मोजा. गार पाणी काय, बर्फ टाकतो हौदात!"

बाईंना हसू आलं. या माणसाने एक दिवस भट्टी बंद ठेवायची म्हणजे किती ऑर्डरी अडायच्या, हे त्यांना समोर दिसत होतं. त्यांनी दादांना नुसतं 'नको' म्हटलं. का नको, ते दादांनीही विचारलं नाही. चहा मात्र त्यांनी बाईंनाच दिला आणि आपण तसेच गेले.

त्या संध्याकाळी उदयसिंह कारखान्यावरून आले तेव्हा बाई स्वयंपाकघरात पाटावर बसून होत्या. गॅसवर काही नव्हतं. गळीत हंगाम चालू असल्यामुळे उदयसिंहांच्या अंगाला मळीचा वास होता आणि डोळे झोपेने लाल. त्यांनी हातपाय धुतले, स्वतःच भाताचं आधण ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मग सांगू नको की," ते म्हणाले. "कुणाला कळणार हाय?"

"कुणाला नाही कळणार."

"तुला सांगायचं हाय का न्हाय, तेवढं बोल."

"तेच तर मला कळेना झालंय अहो." बाई भिंतीला टेकल्या. "सांगितलं तर काम जातं. सगळं संपतं. आणि सगळं संपतं म्हटल्यावर मला इतकं हलकं वाटतंय, की मी खरं बोलायला निघालेय का नुसती सुटायला निघालेय, तेच समजत नाही. प्रामाणिकपणा म्हणून सांगावं, तर मनातून वाटतं, ही आपली पळवाट. नाही सांगावं, तर ती सरळ लबाडी. काय करू?"

कारखान्यावर उसाचा नमुना कुठल्या गाडीतून आणि कुठल्या वेळी घेतला यावरून उतारा कसा हलतो, हे उदयसिंहांनी जन्मभर बघितलं होतं. पण बायकोच्या मनाचा नमुना कसा घ्यायचा ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी भात वाढला, वर दही घातलं.

"जेव आदी," ते म्हणाले. "कशासाठी का हुईना, खरं ते खरं. त्याला काय कारण लागतंय?"

बाई जेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी समितीला मेल लिहिला. खंडेनवमी म्हणजे काय, भट्टी बंद म्हणजे काय, काट्याला हार घातला म्हणजे काय, हे दिल्लीकरांना इंग्रजीत समजावताना त्यांची अर्धी सकाळ गेली. खरा उतारा लिहिला, खाली सही केली, पाठवला. आणि त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. इतकी, की सकाळी उदयसिंह चहा ठेवून गेले तरी जाग नाही. जागं झाल्यावर त्यांनी थंड चहा घेतला आणि अंगणातल्या उन्हात नुसत्या बसल्या. आपण इतक्या खुशीत का आहोत, याची त्यांना थोडी लाज वाटली. थोडीच.

पुढचे दिवस त्यांनी मनाशी सगळं लावून टाकलं. कपाट एखाद्या कॉलेजला द्यायचं, पोरं उघडून बघतील. झिशानसाठी बंगळुरूला स्वतः फोन करायचा. शेडमध्ये आपला स्टूल आणि पंखा तेवढा आहे, तो दादांना राहू दे. उदयसिंह हंगाम संपला की निवृत्त होणार होते. मग दोघांनी काय करायचं? काही नाही करायचं. हा विचार त्यांना फार आवडे. त्या तो पुन्हापुन्हा करत.

जानेवारीत एका दुपारी समितीची बैठक पडद्यावर झाली. शेडमध्ये बाईंच्या एका बाजूला झिशान, दुसऱ्या बाजूला दादा, हे कशाला तर धीर द्यायला. बाहेर भट्टी भरत होती. समितीचे अध्यक्ष एक म्हातारे शास्त्रज्ञ, मूळचे सांगलीकडचे. इंग्रजीत प्रस्ताव, आकडे, आभार असं सगळं झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि ते मराठीत आले.

"इंगवलेबाई, तुमचा मेल आम्ही सगळ्यांनी वाचला. मी दोनदा वाचला. आमच्या घरी खंडेनवमीला वडील पेनसुद्धा उचलू देत नसत." ते हसले. "तुमचा आकडा अटीत बसत नाही. दुसऱ्या पक्षाचा बसतो. पण त्यांना आम्ही तुमच्या मेलनंतर विचारलं, की तुमचं पाणी किती गरम होतं, कुणी मोजलं, कधी मोजलं? त्यांचं उत्तर अजून यायचंय. उत्तर येईल तेव्हा येईल. आम्हाला असं यंत्र बांधायचंय जे पुढची वीस वर्षं चालेल, आणि त्याचा खरा आकडा काय, हे आम्हाला न विचारता कळलं पाहिजे. तेव्हा समितीने तुमचं डिझाइन घ्यायचं ठरवलंय. आकडा रेषेच्या वर आणायला पाच वर्षं देतो. अट एकच. मुख्य डिझायनर तुम्हीच. शेवटपर्यंत. मध्ये बदल चालणार नाही."

बाईंनी एक वाक्य पाठ करून आणलं होतं. 'समितीचा निर्णय आम्ही समजू शकतो, संधीबद्दल आभार.' ते त्यांच्या ओठावर होतं. त्याचा आता काही उपयोग नव्हता आणि दुसरं वाक्य त्यांच्याजवळ नव्हतं.

"तयार आहात ना?" अध्यक्षांनी विचारलं.

झिशानने श्वास धरला होता. दादांनी काही न कळून दोन्ही हात जोडले होते, पडद्याकडे.

"हो," बाई म्हणाल्या.

मग जो गोंधळ झाला त्यात त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. झिशानने सदफला फोन लावला आणि तो ओरडून काय बोलतोय ते त्याला तरी कळत होतं का कुणास ठाऊक. दादा भट्टीकडे धावत गेले आणि पोरांना बोलावून घेऊन आले. काळ्या तोंडांची, हातमोजे घातलेली दहा-बारा पोरं दारात उभी राहून कपाटाकडे बघायला लागली. बाईंनी सगळ्यांना हसून मान डोलावली आणि त्या शेडच्या मागे जाऊन एका पालथ्या घमेल्यावर बसल्या. बसल्यावर त्यांना रडू फुटलं. थांबवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

थोड्या वेळाने त्यांनी उदयसिंहांना फोन लावला. पलीकडे गाळपाची घरघर चालली होती.

"काय झालं?"

"घेतलं त्यांनी. पाच वर्षं दिलीत. मीच पाहिजे म्हणतात, शेवटपर्यंत."

"आँ? खरं बोललीस म्हणून?"

"म्हणूनच."

"मग रडतीस कशाला?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. खोटं सांगायला त्यांच्याकडे जोर नव्हता, आणि या माणसाला सांगायची गरजही नव्हती.

"मला नको होतं हो ते. मला वाटलं, सुटले."

तिकडे कुणीतरी उदयसिंहांना हाक मारली, त्याला त्यांनी 'थांब रं' म्हटलं. मग म्हणाले, "न्हाई म्हणायचं हुतंस."

"पोरगं शेजारी बसलं होतं. श्वास धरून. नाही आलं म्हणता."

"अजून म्हणता येतंय की. फोन उचल आन् सांग, जमत न्हाई."

बाईंनी विचार केला. खरोखर केला. आत झिशान कुणाला तरी सांगत होता, की पाच वर्षांत आपण काय करून दाखवतो बघाच, आणि त्याच्या बोलण्यात एक चूक होती. वेग न उतरवता गळती कमी करायची तर चिप्स जास्त वेळ झोपवाव्या लागतील हे त्याचं बरोबर होतं. पण उठवायचा हुकूम द्यायला जी चिप जागी राहते, ती स्वतःच सगळ्यांत जास्त तापते, हे तो विसरत होता. तिलाही झोपवायला हवं. मग उठवणार कोण? बाईंचं मन आपसूक त्या प्रश्नापाशी जाऊन बसलं. त्यांना ते कळलं, आणि कळल्यावर त्यांना स्वतःचा फार राग आला.

"ऐकतीस न्हवं?" उदयसिंह म्हणाले.

"ऐकतेय."

"येतीस का घरला? आज मी पण सुटतो लवकर."

"येते," बाई म्हणाल्या आणि घमेल्यावरून उठायला भिंतीला हात लावला. "तेवढं एक पोराला सांगून येते. त्याचं चुकतंय."